खोकल्यात गेलेला ‘भू’

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं पांढुर्णा जाम नदीवर जातं आणि देवकाबाईंचं घर कुलपात जातं. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्यावर झेंडा. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव आणि मधे दिवसभर गोटमार, म्हणजे झेंडा मिळवायला दोन्ही गावांची एकमेकांवर दगडफेक. देवकाबाई सकाळची पूजा आटोपली की पुढच्या दाराला आतून कुलूप घालत, किल्ली कमरेला खोचत आणि म्हणत, "आता कोनाले कुठीच जायचं नाही." त्या वेळी घरात जो असेल तो संध्याकाळपर्यंत घरात. एका वर्षी दूध घालायला आलेला गवळी सापडला होता. त्याला दुपारचं जेवण, चहा आणि फराळ देऊन दिवेलागणीला सोडण्यात आलं.

हे कुलूप रामाजींचं. म्हणजे रामाजी गेले त्या वर्षापासूनचं. देवकाबाईंचे हे यजमान कधी गोटमार खेळले नाहीत. नदीकडून घरी येत होते, तेव्हा सावरगावच्या बाजूनं आलेला दगड कपाळाला लागला. पोळ्याचं तोरण उतरायच्या आत माणूस गेला.

तेव्हापासून त्या घरात आणखी एक गोष्ट बंद झाली. दगड हा शब्द. गोटा नाही, धोंडा नाही, हिंदीतला पत्थरसुद्धा नाही. देवकाबाईंनी तशी ताकीद कुणाला दिली नव्हती. शब्द निघाला की त्या उठून आत जात आणि त्या दिवशी जेवत नसत, एवढंच. मग घरानं आपापल्या वाटा काढल्या. धोंड्याच्या महिन्याला अधिक म्हणायचं. सोयऱ्यांत एक धोंडबाजी होते, ते दारात आले की सगळे "या पाहुणे" म्हणत. या घरात आपलं नाव कुणालाच ठाऊक नाही असं त्यांना बरीच वर्षं वाटत होतं. सौसरचे भाऊ मुकुंदराव यांना मूतखडा झाला, तेव्हा त्यांनी बहिणीला "पोटात काहीतरी आहे" असा निरोप धाडला आणि देवकाबाई रडत रडत सौसरला पोचल्या.

अशा घरातून चौऱ्याऐंशी सालच्या पोळ्याला मुकुंदराव कळंब्यांची एकुलती एक मुलगी वंदना दगडांचं एम.एस्सी. करायला निघाली होती.

मुकुंदराव सौसरच्या मिडल स्कूलमध्ये गुरुजी. वर्गात त्यांचा दरारा होता. पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले की तो उतरायला लागे आणि बहिणीच्या ओट्याशी येईपर्यंत संपलेला असे. आईबाप लहानपणीच गेले. देवकाबाई आणि रामाजी यांनी मुकुंद आणि अरविंद या दोघा भावांना वाढवलं, शिकवलं, त्यांची लग्नं लावली. दोघेही तिला बाई म्हणत. त्यामुळे या घरात कुठलीही गोष्ट देवकाबाईंनी हो म्हटल्याशिवाय होत नसे. वंदनाच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता, कारण नागपुरातलं मुलींचं वसतिगृह भरलेलं होतं आणि राहायची सोय एकाच ठिकाणी होती, देवकाबाईंच्या मुलाकडे, दिलीपकडे. दिलीपचं घर नागपुरात असलं तरी त्या घराची परवानगी पांढुर्ण्यात मिळे. पोळ्याला आलेला दिलीप गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं परत जाणार होता. वंदना त्याच्यासोबत गेली तर प्रवेश. नाही गेली तर घरी बसून बी.एड. आणि मागोमाग स्थळं.

परवानगी मिळालेली होती. पंचाईत तीच होती.

राखीला मुकुंदराव बहिणीकडे विषय काढायला आले, तेव्हा बसमध्ये त्यांनी पुष्कळ विचार केला होता. दगड म्हणायचं नाही. जिऑलॉजी म्हणावं तर बाई अर्थ विचारेल. म्हणून त्यांनी शुद्ध शब्द निवडला, भूगर्भशास्त्र. नेमकी त्या वेळी देवकाबाईंनी मिरचीची फोडणी दिली.

"कशात करून राहिली एम.एस्सी.?"

मुकुंदरावांना ठसका लागला. ‘भू’ त्या ठसक्यात गेला आणि बाकीचा शब्द स्वच्छ बाहेर आला.

"गर्भशास्त्र?" देवकाबाईंनी कढई खाली उतरवली. भावाकडे त्यांनी असं पाहिलं, जसं त्याच्या आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं. "बायकाइच्या पोटातलं? बाळंतपनाचं? मुकुंदा, तूनं एक तं काम चांगलं केलं रे जिंदगीत."

मुकुंदरावांना दुरुस्ती करायची होती. पण हे वाक्य ऐकायला त्यांनी फार वर्षं वाट पाहिली होती, तेव्हा ते म्हणाले, उद्या सांगू. उद्या सकाळी बस होती. मग सौसर आलं. सौसरहून असल्या गोष्टी कळवता येत नाहीत, असं त्यांनी स्वतःला पटवलं.

इकडे देवकाबाईंनी मोहल्लाभर सांगितलं. पोळ्याला वंदना आली तर ओट्यावर बायका बसलेल्या. शेजारच्या गुलाबची बायको चंद्रकला, दिवस भरत आलेली, तिनं तर वंदनाचा हात धरून आपल्या पोटावरच ठेवला. वंदनानं हात ठेवला, काढून घेतला आणि म्हणाली, "चांगलं हाये." चंद्रकला समाधानानं घरी गेली. वंदना बापाकडे वळली, तेव्हा मुकुंदराव बैलांच्या शिंगांचा रंग निरखत होते.

आज कुलूप लागल्यावर मागच्या पडवीत सगळे दबक्या आवाजात भांडत होते. देवकाबाई स्वयंपाकघरात वडे तळत होत्या. कढईच्या आवाजात आपलं बोलणं झाकून जाईल असा सगळ्यांचा अंदाज होता.

"दादा, तू भी कमाल करतं," अरविंद म्हणाला. हा धाकटा भाऊ, संत्र्याचा व्यापारी. "बाईले वाटते, पोट्टी डाक्टरीन होऊन राहिली. अन हे तं..." त्याच्याही तोंडून शब्द निघेना. त्यानं मूठ वळून हवेत दाखवली. "याच्यात नोकरी कोन देते?"

"मॅंगनीजच्या खाणी हायेत काका," वंदना म्हणाली. "सर्व्हे हाये. कॉलेज हाये."

"खाणीत जाशीन तू? तुह्यासोबत लग्न कोन करन?"

"कोळसा करन," वंदना म्हणाली.

"पाह्य, हे असं बोलते! दादा, तिले बी.एड. करू दे. सगळ्याइच्या पोरी बी.एड. करून राहिल्या."

"म्हणूनच तं नोकऱ्या नाही भेटत सगळ्याइले," दिलीप म्हणाला. एवढा वेळ तो वंदनाच्या बाजूनं होता. वंदनाच्या आईनं, सरलानं, होकाराची मान हलवल्यावर त्यानं पुस्ती जोडली, "मले काही नाही. खोली रिकामी हाये. पन आईनं मंग मले इचारलं, तुले माहीत होतं का, तं मी नाही म्हणन. आत्ताच सांगून ठेवतो."

"कोनी काही सांगू नका," सरला म्हणाली. "पोरगी एक बार नागपूरले पोचू द्या. दोन वर्सानं सांगू."

"दोन वर्सानं काय सांगशीन?" मुकुंदरावांनी विचारलं.

"तवाचं तवा पाहू."

या बोलण्यात एकटी पुष्पा गप्प होती. अरविंदची बायको, कोथिंबीर निवडत कोपऱ्यात बसलेली. पुष्पाचं माहेर सावरगाव. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची मुलगी आणणं ही काही नवी गोष्ट नाही. अशाच एका जोडप्याच्या कथेवरून दोन्ही गावं दरसाल एकमेकांची डोकी फोडतात. पण अरविंदनं बहिणीला सासुरवाडी "नदीकडची" एवढंच सांगून लग्न उरकलं होतं. नदीला दोन काठ असतात हे देवकाबाईंना वरातीत समजलं. त्या सुनेसारख्या भावजयीला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. फक्त या एका दिवशी त्या पुष्पाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. आजचा सकाळचा चहाही सरलानंच केला होता.

"बाईले आजच सांगा," पुष्पा म्हणाली. मान वर न करता. "माणूस आधी सांगतल्यानं रागावते. मागून समजलं तं लागते त्याले. अन ते निघत नाही मंग."

अरविंद एकाएकी पडवीचे वासे मोजू लागला.

"मीच सांगते," वंदना उठली.

"थांब, मी सांगतो," मुकुंदराव म्हणाले आणि बसून राहिले. त्यांना खरंच सांगायचं होतं. मुलीचा हट्ट त्यांना फार आवडला होता, तसा तो आधी त्यांना कळलासुद्धा नव्हता. तिनं एकदा पुस्तक उघडून दाखवलं होतं, त्यात इंग्रजीत छापलेलं होतं, सौसर सिरीज. म्हणाली, बाबा, जगातले लोक आपल्या गावाचं नाव घेऊन या दगडाले ओळखतात, अन आपण त्याच्यावर कपडे धुतो. त्या रात्री मुकुंदराव कपडे धुवायच्या दगडाजवळ बराच वेळ उभे होते. आयुष्यभर भूगोल शिकवला आणि गावाचा हा मान आपल्याला मुलीकडून कळावा, याचं त्यांना वाईट वाटलं नाही, भरून आलं होतं. पण बहिणीसमोर भरून आलेलं काही कामाचं नसतं.

तेवढ्यात शेजारच्या भिंतीवरून गुलाबचं डोकं वर आलं.

"काकू! देवकाकाकू! चंद्रकलेले दुखून राहिलं!"

देवकाबाई झाऱ्यासकट बाहेर आल्या. "दवाखान्यात ने ना मंग!"

"रिक्षा नाही, गाडी नाही, सगळे नदीवर. अन दवाखाना डोकेफुटक्याइनं भरला म्हनते. तुमच्या वंदनाताईले पाठवा जरा."

"पाठवा म्हंजे? घरची डाक्टरीन कवा कामी येईन!" देवकाबाईंनी झारा पुष्पाच्या हाती दिला. "वंदे, चाल. तुही ब्याग कुठी हाये?"

वंदना जागची हलली नाही. बॅग खुंटीला होती. देवकाबाईंनी स्वतःच ती काढली, खाटेवर ठेवली, उघडली आणि आत हात घातला. हाताला हातोडी लागली.

सौसरच्या लोहाराकडून करून घेतलेली ती हातोडी होती. एका अंगाला चौकोनी तोंड, दुसऱ्या अंगाला चोच. देवकाबाईंनी ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मोहल्ल्यातली निम्मी बाळंतपणं त्यांनी जवळून पाहिली होती.

"हे कायले लागते?"

नदीकडून ढोल आणि आरडाओरडा ऐकू येत होता. भिंतीवरून गुलाबलाही हातोडी दिसली.

"काकू," तो म्हणाला, "राहू द्या. आपण दवाखान्यातच जाऊ."

मुकुंदराव उभे राहिले. आता बोलायला पाहिजे, असं ते स्वतःला म्हणाले. "बाई," ते म्हणाले, आणि त्यांना पुन्हा ठसका लागला.

"आत्या," वंदना म्हणाली, "ते गर्भशास्त्र नाही. भूगर्भशास्त्र हाये. जमिनीच्या पोटातलं."

"जमिनीच्या पोटात काय असते?"

माती, मुकुंदराव मनात म्हणाले. पाणी म्हण. कोळसा म्हण.

"दगड," वंदना म्हणाली.

सरलानं पदर तोंडाशी नेला. दिलीप, विचारलं नव्हतं तरी, म्हणाला, "मले माहीत नव्हतं." देवकाबाईंनी हातोडी खाटेवर ठेवली, हळू, काच ठेवावी तशी. त्या उठून आत जातील म्हणून सगळ्यांनी वाट करून दिली. त्या आत गेल्या नाहीत. कमरेची किल्ली काढून त्यांनी पुढचं दार उघडलं.

"आधी चंद्रकला," त्या म्हणाल्या. "मंग तुमचं पाहते. खाट उचला."

गुलाब, दिलीप आणि अरविंद यांनी तीन खूर धरले. चौथ्याला मुकुंदराव धावले.

"तू ऱ्हाय," देवकाबाई म्हणाल्या. "तुले खोकला हाये."

चौथा खूर पुष्पानं खांद्यावर घेतला. चंद्रकलेला घेऊन खाट निघाली आणि पुढे देवकाबाई, या दिवशी रस्त्यावर कधी न दिसलेल्या. मुकुंदराव दारात उभे राहून पाहत राहिले. दार उघडंच होतं आणि ते बंद करावं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

"चुकलं माझं," ते थोड्या वेळानं वंदनाला म्हणाले.

"हाव," वंदना म्हणाली. ती बॅग पुन्हा भरत होती. डोळे भरले होते. ती ते बापापासून लपवत नव्हती. "मले जायचं हाये बाबा. मले दुसरं काही नाही करायचं. बी.एड.ले सगळ्या चालल्या, म्हणून मीभी जाऊ का? पन खोटं बोलून गेली, तं मले तिथं पुस्तक उघडलं का आत्याच दिसन."

मुकुंदरावांना वाटलं, ही आपली मुलगी नाही, बाईची आहे. आणि हे त्यांना बरं वाटलं. वडे गार होत होते. सरलानं दोघांपुढे बशी सरकवली, पण कुणी हात लावला नाही.

मंडळी परतली तेव्हा नदीवरचा गलका उतरणीला लागला होता. चंद्रकलेला मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती, डोकीच डोकी. पण बाळंतिणीची खोली रिकामी होती आणि नर्सबाई तिथे स्वेटर विणत बसल्या होत्या. "दिवसभर कोनी बोललं नाही माह्याशी," म्हणाल्या, आणि आनंदानं उठल्या.

देवकाबाईंनी पाय धुतले. कुलूप त्यांनी पुन्हा लावलं नाही. सगळे माजघरात बसले, कुणी कुणाकडे बघेना. देवकाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर असायचं ते वजन घेऊन आल्या. फडक्यात गुंडाळलेलं हे वजन सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्याखालचं लोणचं सगळ्यांनी खाल्लं होतं, सौसरला डबे भरून नेलं होतं. त्यांनी फडकं सोडलं. आत काळा, मुठीएवढा दगड होता.

"हा त्याइले लागला होता," देवकाबाई म्हणाल्या.

मुकुंदरावांना लहानपणी रामाजींनी खांद्यावर बसवून पोळा दाखवला होता. ते कपाळ त्यांना आठवलं आणि त्यांनी मान खाली घातली. लोणच्याचा मात्र त्यांना त्या क्षणी विचार करवेना.

"तुले याच्यातलं समजते ना?" देवकाबाईंनी दगड वंदनाच्या हातात दिला. "सांग मंग. कोनता हाये हा?"

वंदनानं भिंग काढलं. दाराजवळच्या उजेडात दगड फिरवून पाहिला. "खरं तं फोडून पाहा लागते."

"फोडू नको."

"नाही फोडत. बेसाल्ट हाये आत्या. जमिनीतून तापलेला रस वरती आला, पसरला, मंग थंडा झाला. त्याचा हा."

"कवा?"

"माणूसच नव्हता तवा."

"कोनीच नव्हतं?"

"कोनीच नाही."

"बरं होतं मंग," देवकाबाई म्हणाल्या. त्या जरा पुढे सरकल्या आणि जे त्यांना इतकी वर्षं विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं. "सावरगावचा का आपला?"

स्वयंपाकघराच्या दारात पुष्पा थबकली. तिच्या खांद्यावर खाटेच्या खुराची धूळ तशीच होती. मुकुंदरावांना वाटलं, आता वंदनालाही खोकला यावा. ‘आपला’ म्हणाली तर पुष्पाची सुटका. ‘सावरगावचा’ म्हणाली तर बाईच्या रागाला आधार, आणि रागाला आधार देणारं माणूस बाईला आवडणारच. काहीही एक म्हणाली तरी उद्याची पॅसेंजर मिळते.

"नाही सांगता येत," वंदना म्हणाली. "नदीच्या अलीकडे हाच, पलीकडेभी हाच. एकच थर हाये. नदी मंग आली मधातून."

"अन शिकून आल्यावर सांगता येईन?"

"बहुतेक नाही."

अरविंदनं कपाळावर हात मारला.

"मंग शिकाचं कायले?" देवकाबाईंनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिनं दगड एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आता मले वाटते का नाही सांगता येत," ती म्हणाली. "शिकल्यावर पक्कं सांगता येईन, का नाही सांगता येत."

देवकाबाईंनी रिकामं फडकं मांडीवर पसरून सरळ केलं. दिलीपला बोलावंसं वाटलं, त्यानं ते गिळलं. नदीकडचा ढोल थांबला होता. झेंडा कुणाचा तरी झाला असावा, पण कुणाचा हे विचारायला कुणी उठलं नाही.

"पुष्पे," देवकाबाई म्हणाल्या, "चहा ठेव."

सवयीनं सरला उठायला लागली.

"तू बैस. पुष्पाले म्हटलं मी. अन मलेभी दे वं, साखर जास्त टाकजो."

पुष्पा आत गेली. आतून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही. मग अरविंद उठून आत गेला.

देवकाबाईंनी वंदनाच्या हातून दगड घेतला, पहिल्यासारखा फडक्यात गुंडाळला, गाठ मारली आणि तिच्या बॅगेत हातोडीशेजारी ठेवला. मग काही सुचून हातोडी काढून दुसऱ्या कप्प्यात घातली.

"तुह्या मास्तरले दाखवजो. पक्कं इचारजो. अन दिलीपच्या घरी हे ब्याग पोराइच्या हाती लागू देऊ नको."

"हाव आत्या."

"अन मुकुंदा."

"काय बाई?"

"पुढच्या वेळी फोडनी उतरल्यावर बोल."

मुकुंदरावांनी होकार दिला. त्यांना बहिणीच्या पायाशी बसावंसं वाटत होतं. ते जरा सरकून बसले. पुष्पानं चहा आणून पहिला कप देवकाबाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला, घोट घेतला, आणि बॅगेचे बंद लावणाऱ्या वंदनाला म्हणाल्या,

"दिवाळीले येशीन तवा तो वापस आणजो. लोणच्यावर ठेवाले दगड लागते."